आजी शाळेत न जाता तीन भाषा बोलते, मग मला इंग्रजी का येईना?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही सोलापूरचे, वय 31. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पंधरा वर्षं शिकलात, नोकरी टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या ऑफिसात. ईमेल बरे जमतात, पण परदेशी बायरचा फोन आला की जीभ टाळूला चिकटते. यूट्यूबवरचा एकजण सांगतो, व्याकरण सोडा, नुसतं ऐकत राहा, भाषा आपोआप येते. क्लासवाले सांगतात, आधी बारा काळ पक्के करा, मग तोंड उघडा. आणि घरात आजी. अक्षरओळख नाही, उभा जन्म विड्या वळण्यात गेला, पण तेलुगू, मराठी, कन्नड तिन्ही धडाधड बोलते. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘नेमका कुठला सिद्धांत खरा? आणि आता उशीर झालाय का?’

मी सोलापुरात 24 वर्षं भाषा शिकवते. बहुतेक इंग्रजी, मधली काही वर्षं बदलीवर आलेल्या बँकवाल्यांना मराठी. शिवाय चाळिशीत, शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या मुलांच्या आयांशी धड बोलता यावं म्हणून, स्वतः तेलुगू शिकायला बसले. अजून शिकतेच आहे. म्हणजे फळ्याच्या दोन्ही बाजूंनी मार खाऊन झालाय.

आधी तुमच्या आजीकडे वळू. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे, आणि तुम्ही ती अर्धीच वाचलीत.

आजीला मराठी ‘आपोआप’ आलं असं तुम्ही म्हणता. जरा हिशेब मांडा. विड्या वळताना हात गुंतलेले, तोंड मोकळं. ओट्यावर शेजारी बसलेल्या बायकांत कुणी मराठी, कुणी कन्नड. दिवसाचे आठ तास धरा, निम्मा वेळ गप्प गेला असं धरा, तरी वर्षाला हजारावर तास भाषा कानावर. तीही अशी, की अर्थ डोळ्यासमोर. सूप, कात्री, पान, तंबाखू, किती विड्या झाल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, कुणाचं पोर आजारी, कुणाच्या सासूनं काय केलं. आता तुमची शाळा. आठवड्याला इंग्रजीचे पाच-सहा तास, आणि तासाला मास्तर इंग्रजीचा धडा मराठीतून समजावणार. प्रत्यक्ष इंग्रजी कानावर पडलं ते दहावीपर्यंत सगळं गोळा केलं, तरी आजीच्या ओट्यावरचं एक वर्ष भरायचं नाही. तेव्हा ‘पंधरा वर्षं शिकलो’ हा तुमचा आकडा आधी खोडा.

आजीसारख्या माणसांना भाषा कशी येते ते सांगणारा सिद्धांत अमेरिकेतल्या भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशननं 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून मांडला. तुमचा यूट्यूबवाला वाढतोय ते त्याच स्वयंपाकातलं, फक्त पाणी घालून पातळ केलेलं. क्रॅशन म्हणाला, नियम समजून शिकणं वेगळं आणि भाषा अंगवळणी पडणं वेगळं. अंगवळणी पडते ती समजणाऱ्या भाषेमुळे. आपल्याला जेवढं येतं त्याच्या एक पायरी वरचं ऐकायला-वाचायला मिळालं आणि आशय कळला, की भाषा आत झिरपते. पाठ केलेले नियम आतल्या एका देखरेख्याचं काम तेवढं करतात. त्याला आपण मुकादम म्हणू. तोंडातून वाक्य निघालं की मुकादम तपासतो, ‘अरे, इथं एस राहिला.’ पण या मुकादमाला तीन गोष्टी लागतात: नियम माहीत हवा, लक्ष नियमाकडे हवं आणि हाताशी वेळ हवा.

आता तुमचं दुखणं यात बसवून बघा. ईमेल जमतात, कारण तिथं मुकादमाला वेळ आहे. वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. फोनवर बायर विचारतो, कंटेनर का अडकलाय, आणि तुमचा मुकादम आत बारा काळांची वही उलगडत बसतो. तो पान शोधेपर्यंत पलीकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू. तुमच्याकडे नियम कमी नाहीत. नियमांशिवाय चालणारं इंग्रजी कमी आहे. एवढ्यापुरता यूट्यूबवाला बरोबर, आणि बारा काळ परत घोटून फोन सुधारेल असं सांगणारे क्लासवाले चूक.

पण थांबा. आज घरी गेल्यावर आजीचं मराठी कान देऊन ऐका. हसण्यासाठी म्हणत नाही. ‘ती घर’, ‘माझी पुस्तक’ असं काही येतं का बघा. तेलुगू घरातल्या, मोठेपणी मराठी शिकलेल्या बायकांच्या बोलण्यात मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलेय. कारण उघड आहे. तेलुगूत ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ यांना क्रियापद एकच: ‘वच्चिंदि’. बाई आणि वस्तू एकाच खान्यात. मराठीनं मात्र तीन लिंगं करून ठेवलीत आणि घर नपुंसकलिंगी का, भिंत स्त्रीलिंगी का, याला काही उत्तर नाही. याउलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत आजी कधी गडबडायची नाही, कारण तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनं’ असा तोच फरक आहे. मी तेलुगू शिकताना हा फरक मला फुकट मिळाला. बदलीवर आलेल्या हिंदी भाषक बँकवाल्यांना ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यातला फरक पटवताना मात्र माझा घसा बसला होता.

मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी मांडा, जिथं फरक तिथं चुका होणार, असं रॉबर्ट लाडोनं 1957 मध्येच सांगितलं होतं. ते अर्धं खरं निघालं. पुढं मुलांच्या बोलण्याच्या नोंदी घेतल्यावर दिसलं, की बऱ्याच चुका मातृभाषेवर ठरतच नाहीत. स्पॅनिश बोलणारं पोर असो की चिनी, इंग्रजी शिकताना त्यांची वाट बरीच सारखी असते. डुले आणि बर्ट यांनी 1974 मध्ये हे दाखवलं. ‘आय वेंट’ऐवजी ‘आय गोएड’ म्हणणारं पोर कुणाची नक्कल करत नसतं, कारण तसं कुणी मोठं माणूस बोलतच नाही. ते आत स्वतःचा नियम बांधत असतं. म्हणूनच पिट कॉर्डरनं 1967 मध्ये चुकांकडे बघायची दृष्टी बदलली: चूक ही शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवणारी खिडकी. आणि 1972 मध्ये लॅरी सेलिंकरनं त्या आतल्या व्यवस्थेला नाव दिलं. मराठीत आपण तिला मधली भाषा म्हणू. ना धड पहिली, ना धड दुसरी, पण तिचे स्वतःचे नियम पक्के. सेलिंकरनं आणखी एक गोष्ट सांगितली. ही मधली भाषा पुढं सरकता सरकता कधीकधी गोठते. ‘ती घर’ गोठलं, की चाळीस वर्षं ऐकूनही ‘ते घर’ होत नाही.

ऐकून भाषा येते हे क्रॅशनचं म्हणणं आजी सिद्ध करते, आणि नुसतं ऐकून ती एका ठिकाणी थांबते हेही तीच सिद्ध करते.

थांबली का? कारण पुढं जायची गरज पडली नाही. ‘माझी घर’ म्हटलं तरी समोरच्या बाईला घरच कळत होतं. विड्यांची मोजणी होत होती, मैत्रिणी होत्या, भांडणंही व्यवस्थित होत होती. तिच्या आयुष्याला जेवढं मराठी लागलं तेवढं तिनं पुरेपूर कमावलं. हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराची रिचर्ड श्मिटनं जवळपास तीन वर्षं पाहणी केली होती. अभ्यासात त्याचं नाव ‘वेस’ असं आहे. माणूस बोलका, मित्र भरपूर, इंग्रजीतून व्यवहार झकास. पण व्याकरण तीन वर्षांत जवळपास होतं तिथंच. याच्या उलट टोकाला जॉन शूमनचा अल्बर्टो: अमेरिकेत आलेला कोस्टा रिकाचा 33 वर्षांचा कामगार. तो आपल्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांतच राहिला, आणि दहा महिने शूमननं लक्ष ठेवलं तरी नकार ‘नो’ लावूनच करत राहिला. शूमनचं म्हणणं, आपण त्या समाजापासून जेवढे लांब, तेवढी भाषा लांब. वेस मात्र त्या समाजात मिसळला होता आणि तरी गोठला. या दोघांना शेजारी बसवलं की कळतं, माणसांत मिसळणं लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही.

इथं एक सोलापुरी फाटा फोडल्याशिवाय मला राहवत नाही. ‘मी काम केलो’, ‘मी सांगितलो की तुला’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पुण्याचा पाहुणा हसतो. पुस्तकी मराठीत ‘मी काम केलं’, क्रियापद कामाच्या मागे जाणार. तेलुगूत आणि कन्नडमध्ये क्रियापद नेहमी करणाऱ्याच्या मागे जातं. पिढ्यान्‌पिढ्या इथं तेलुगू, कन्नड घरांतली माणसं मराठी बोलत आली आणि मराठी घरांतली माणसं त्यांच्याबरोबर राहत आली. ‘मी केलो’वर त्या सहवासाचा ठसा आहे असं मी मानते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा प्रसिद्ध अभ्यास आहे. तिथं कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेचं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून मांडता येतं. एकट्या आजीनं केली तर चूक, अख्ख्या गावानं केली तर बोली! तुम्ही ‘मी केलो’ म्हणत असाल तर खुशाल म्हणा. पण जर्मनीतला टॉवेलचा बायर आपल्या गावचा नाही, एवढंच.

आता तुमच्यापुरतं बोलू. आजीला जेवढं मराठी पुरलं तेवढं इंग्रजी तुम्हाला पुरणार नाही. ‘शिपमेंट गेलंय’ आणि ‘शिपमेंट जाईल’ यात तुमची गफलत झाली तर पैशाचा मामला आहे. म्हणून तुम्हाला आजीची वाट धरून पुढं आणखी थोडं जायचंय. ते पुढचं अंतर काटायला तिघांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पहिली मेरिल स्वेन. कॅनडात 1965 पासून इंग्रजी भाषक मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे प्रयोग सुरू झाले. क्रॅशनच्या हिशेबानं तर ही चैनच: रोज तासन्‌तास समजणारी भाषा. मुलांना फ्रेंच समजायला उत्तम लागली, अगदी फ्रेंच मुलांच्या जवळपास. बोलताना-लिहिताना मात्र व्याकरणाची लंगड तशीच. स्वेननं 1985 मध्ये त्यावर बोट ठेवलं: मुलं ऐकत होती, पण नेमकेपणानं बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नव्हती. ऐकताना अर्ध्या शब्दांवर अर्थ लागतो. बोलताना प्रत्येक शेपूट स्वतःला लावावं लागतं, आणि तेव्हाच कळतं की अरे, हे आपल्याला येतच नाही.

दुसरा मायकेल लाँग. त्याचं म्हणणं, खरी भाषा शिकली जाते ती गाडी अडते तिथं. समजलं नाही, परत विचारलं, समोरच्यानं सोपं करून सांगितलं, तुम्ही दुरुस्त करून परत म्हटलं. तेलुगू शिकताना मी दोन वाक्यं सगळ्यात आधी पाठ केली: ‘अर्थं कालेदु. मळ्ळी चेप्पंडि.’ समजलं नाही, परत सांगा. या दोन वाक्यांनी मला जेवढं तेलुगू दिलं तेवढं कुठल्याही पुस्तकानं दिलं नाही. बायका हसायच्या, हळू बोलायच्या, हातवारे करायच्या. त्याआधी चार महिने मी मोबाइलवर तेलुगू मालिका लावून बसत असे, ऐकून ऐकून येईल म्हणून. काही आलं नाही. सुरुवातीला मला शंभरातले पाच शब्द कळत होते. न समजणारी भाषा कानावर पडणं म्हणजे मागाची खडखड ऐकण्यासारखंच आहे; जन्मभर ऐकली तरी कापड विणायला येत नाही.

तिसरा पुन्हा श्मिट. ब्राझीलमध्ये पाचेक महिने राहून तो स्वतः पोर्तुगीज शिकला आणि रोजनिशी ठेवली. मागाहून तपासलं तर दिसलं, की लोकांच्या तोंडी सतत असलेल्या रचना त्याच्या ध्यानातच येत नव्हत्या. वर्गात एखादी शिकवली, की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तीच कानावर पडते असं जाणवायचं, आणि मग ती त्याच्या बोलण्यात उतरायची. म्हणजे नियम सांगण्याचा फायदा आहे, पण क्लासवाले समजतात तो नव्हे. कान कुठं लावायचा ते नियमामुळे कळतं. इंग्रजीतला तिसऱ्या पुरुषाचा एस घ्या: ‘शी गोज’, ‘ही सेज’. पाचवीत शिकवतात, एका ओळीचा नियम आहे, आणि एमए झालेली माणसंही बोलताना तो गाळतात. त्या एसवाचून अर्थाचं काही अडत नाही, म्हणून कान तिकडे जातच नाही. क्रॅशन म्हणतो, शिकलेलं कधी अंगवळणी पडत नाही. इथं माझा त्याच्याशी वाद आहे. एक नियम घेऊन महिनाभर त्याच्यावरच कान आणि जीभ ठेवली, तर तो मुकादमाच्या वहीतून हळूहळू हातात उतरतो, हे मी माझ्या वर्गात बघितलंय. बारा एकदम घेतले तर एकही उतरत नाही.

सुरुवातीची आठ वर्षं मीही बाराच घ्यायचे. एका मुलीला काळांच्या चाचणीत 50 पैकी 49 मिळाले होते. पेपर हातात देताना मी सहज इंग्रजीत विचारलं, आज कशी आलीस? ती म्हणाली, ‘आय कमिंग बस.’ तो तास मी पुढं रेटला, पण त्या रात्री झोप लागली नाही. नंतर एन. एस. प्रभू यांचं काम वाचनात आलं. 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि मुलांना इंग्रजीतून कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी शोधा, नकाशावरून रस्ता सांगा. लक्ष कामावर, भाषा वापरता वापरता. मी तेच सोलापुरी केलं. एकाच्या हातात बसचं वेळापत्रक, दुसऱ्याला अक्कलकोटला दुपारी चारच्या आत पोचायचंय, दोघांनी पाठ फिरवून बसायचं, मराठी बंद. वर्गात पहिल्यांदा गोंगाट झाला, आणि तो इंग्रजीतला होता.

पण मग उलट चूक केली. दोन-तीन वर्षं मी कुणाला दुरुस्तच केलं नाही. नर्सिंगच्या मुलींची एक तुकडी फर्डं बोलायला लागली, आणि ‘ही डोन्ट कम’, ‘आय अ‍ॅम’च्या जागी भलतंसलतं, सगळं त्यातच गोठलं. मुलाखतीला गेल्यावर त्यांना त्याचा फटका बसला. आता मी काम आधी देते, आणि संपल्यावर दहा मिनिटं त्यातल्या एकाच चुकीवर बसते.

वयाचं विचारलंत. 1967 मध्ये लेनेबर्गनं मांडलं होतं की वयात येण्याच्या सुमारास भाषेचं दार मिटत जातं. पुढं 1978 मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची स्नो आणि हूफनागेल-हूले यांनी तुलना केली, तर 12 ते 15 वर्षांची मुलं सगळ्यात पुढं आणि तीन ते पाच वर्षांची चिमुरडी मागं. लहान मुलं वेगानं शिकत नाहीत, ती लांबपर्यंत जातात. 2018 मध्ये सुमारे 6 लाख 70 हजार लोकांची ऑनलाइन चाचणी घेऊन केलेल्या अभ्यासात, व्याकरण पकडायची ताकद साधारण सतरा-अठरापर्यंत टिकते आणि मग उतरते असं निघालं. त्यावरही वाद आहेत. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखे तुम्ही बोलणार नाही. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेस्ट’ म्हणजे बनियन, यांचे दोन व तुमच्या तोंडी बहुधा एकच राहतील. राहू देत. त्यानं ऑर्डर जात नाही. आपल्याच गावचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले तेव्हा 27 वर्षांचे होते. तिथं गेल्यावर चिनी शिकले, आणि त्याच भाषेत पेशंट तपासले, विद्यार्थी शिकवले. 31 ला फोनवर टॉवेलचं बोलणं जमणार नाही असं कुठलाच सिद्धांत म्हणत नाही.

लाजेचं मात्र खरं आहे. क्रॅशन तिला मनातली गाळणी म्हणतो: भीती, लाज असली की भाषा बाहेरच अडते. आपल्याकडे या गाळणीचं कापड फार घट्ट विणलेलं. चहाच्या टपरीवर कुणी इंग्रजीत एक वाक्य बोललं की लगेच, ‘काय बे, साहेब झाला का?’ त्यामुळे मित्रांत सराव करा असं मी सोलापूरच्या मुलांना सांगतच नाही. अनोळखी माणसाबरोबर करा, किंवा बंद खोलीत मोबाइलबरोबर.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. बायरचा फोन महिन्यातून एकदा येतो की दिवसातून तीनदा? बायर इंग्रज आहे की त्याचंही इंग्रजी दुसरीच भाषा आहे? दुसरं असेल तर काम निम्मं सोपं, तोही अडखळतच बोलणार. मालक चूक झाली तर सांभाळून घेणारे आहेत की तिथल्या तिथं फोन हिसकावून घेणारे? आणि तुम्हाला फोनपुरतं इंग्रजी हवंय की नोकरी बदलायचीय? खाली लिहितेय ते ‘फोनपुरतं, तीन महिन्यांत’ असं धरून.

ऐकायला तुमच्या धंद्याचंच घ्या. कापड, टॉवेल, जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे वजन), रंग पक्का की कच्चा, डाइंग, पॅकिंग यावरचे साधे व्हिडिओ. बातम्या आणि सिनेमे नकोत. विषय माहीत असला की भाषा समजते. तीच ती एक पायरी वरची भाषा. वाचायला घ्याल त्यात दर पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी असावा. त्याहून जास्त असतील तर खालचं पुस्तक घ्या, लाजू नका. रोज अर्धा तास. एकच व्हिडिओ तीन दिवस ऐकला तरी चालेल, उलट बरंच.

मग पाच मिनिटं, ऐकलेलं आपल्या शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहून वाचायचं नाही. अडखळाल, तिथं थांबा आणि कशामुळे अडलं ते कागदावर टिपा. बोलताना आपल्याला येत नाही असं कळतं, असं स्वेन म्हणते त्या जागा याच. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ ऐकताना कान आपोआप त्या जागी जातो.

आठवड्यातून दोनदा ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर खोटा फोन. त्याच्या हातात कागद: शिपमेंट दहा दिवस उशिरा, कारण त्यालाच माहीत. तुमच्या हातात दुसरा कागद: दंड किती लागेल, कोणत्या तारखेनंतर ऑर्डर रद्द. एकमेकांचा कागद बघायचा नाही, बोलूनच मेळ घालायचा. दोघांना सगळं आधीच माहीत असेल तर ते नाटक होतं, संभाषण होत नाही.

चुकांपैकी पहिला महिना फक्त एकच धरा: गेलं, जातंय, जाणार. ‘वी शिप्ड’, ‘वी आर शिपिंग’, ‘वी विल शिप’. तुमच्या कामात पैशाची चूक इथंच होते. ‘अ’ आणि ‘द’च्या मागे लागू नका, मराठीत आणि तेलुगूत ती चीजच नाही, ती सगळ्यात शेवटी येते आणि ती चुकली म्हणून बायर पळून जात नाही.

मुलीला सिनियर केजीला इंग्रजी माध्यमात घालू का, असं जाता जाता विचारलंय. त्याचं उत्तर वेगळं आणि लांब आहे. एवढंच सांगते, की मुलं खेळण्याबोलण्यापुरती भाषा वर्ष-दोन वर्षांत उचलतात, पण त्याच भाषेत विज्ञान, इतिहास समजण्याइतकी ती रुजायला पाच ते सात वर्षं लागतात, असं जिम कमिन्सच्या कॅनडातल्या कामातून दिसलंय. तेही जिथं बाहेर सगळीकडे इंग्रजीच आहे तिथं. कुठल्याही माध्यमात घाला, पण आजीला तिच्याशी तेलुगूतून गोष्टी सांगणं बंद करायला लावू नका.

आणि फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू से इट अगेन, स्लोली?’ खाली दुसरी ओळ: ‘लेट मी रिपीट, सो वी आर शुअर.’ पहिल्या ओळीनं समोरचा हळू बोलतो, दुसरीनं तुम्हाला विचार करायला दहा सेकंद मिळतात आणि चूक असेल तर तोच दुरुस्त करतो. पुढच्या फोनला काही नाही जमलं तरी या दोन ओळी वापरा. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसू नका. तिसाव्या दिवशी दोन्ही लागोपाठ ऐका आणि कुठली चूक अजून तिथंच बसलीय ते मला कळवा. पुढचा महिना कशावर घालवायचा ते त्यावरून सांगते.